शेंदरी जग

४ फेब्रुवारी

ही वही भट्टीची आहे. कारखान्यातून निवृत्त होताना कोऱ्या पाच उचलून आणल्या, त्यातली ही चौथी. पानावर चार रकाने छापलेले: वेळ, तापमान, भरणा, शेरा. एकतीस वर्षं मी कपबश्यांची भट्टी सांभाळली आणि शेऱ्यात एवढंच लिहिलं, 'ठीक', नाहीतर 'दोन कप तडकले'. आता चारही रकान्यांतून आडवं लिहितो. ही म्हणते, ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून तुम्ही वहीचे कान किटवताय. ही म्हणजे माझी बायको. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन ठेवून लोकांचे कपडे आत घेऊन, सैल करून देते. तिच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

हिची मोठी बहीण ऑक्टोबरात यकृताच्या आजाराने गेली. तेव्हापासून हिला वाटतं की आपल्याही आत काहीतरी साठत चाललंय. आज सकाळी म्हणाली, "अहो, तुम्ही भट्टी दर महिन्याला झाडून काढायचात ना? मग माझी कधी झाडायची?" दुपारी ती सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शुद्धी वर्गाला जाऊन आली. तिथल्या बाई म्हणतात, शरीर म्हणजे मोरी आहे, तिचा निचरा व्हायला हवा. दर दोन वाक्यांनी निचरा. मी बाईंचं नाव निचराबाई ठेवलं. ही हसली नाही.

७ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस दिवसांचा उपचार आहे. लिंबू, काकडी, आलं आणि दोन झाकणं व्हिनेगर, वर निचराबाईंची हिरवी भुकटी. हे सगळं बारा तास मुरवायचं आणि दिवसभर घोट घोट प्यायचं. जेवण नावाला. मी म्हटलं, "लोणच्याला तेवढं तेल कमी पडलं." ही म्हणाली, तुम्हाला सगळ्याची टिंगलच करायची असते.

पण एक गोष्ट मला पटली. भांडं धातूचं चालत नाही, प्लास्टिकचं तर नाहीच. मातीचं हवं. माती म्हटल्यावर मी कान टवकारले.

११ फेब्रुवारी

मागच्या शेडमधली छोटी भट्टी कारखान्याने मोडीत काढली तेव्हा मी घेतली होती. म्हातारी झालीय, माझ्यासारखी. साडेनऊशेच्या वर चढत नाही. कपांची पांढरी झिलई वितळायला बाराशे लागतात, म्हणजे तो मार्ग बंद. हिच्या रसासाठीचा जग तर चाकावर मस्त उतरला होता, कान लावून सुकतही होता.

म्हणून रंगमास्तराकडे गेलो. हा माझा जुना दोस्त, कारखान्यात झिलया कालवायचा. त्याच्याकडे माळ्यावर शेंदरीचा एक डबा होता. शिशाची झिलई. कमी आचेवर वितळते आणि असा रंग देते की बघत राहावं. कपबश्यांना ती लावायची नाही असं परिपत्रक आलं, त्यालाही वीस वर्षं झाली. डबा देताना म्हणाला, "कुंडीला लाव, नाहीतर दिव्याच्या बुडाला. खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नकोस." मी मान हलवली.

आता वहीपुरतं खरं लिहितो. झिलई एकदा आचेतून निघाली की ती काच. काच काय सोडणार? परिपत्रकं काढणाऱ्यांनी जन्मात भट्टीचं दार उघडलेलं नसतं. खिडकी चाटून कोणी मेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

१५ फेब्रुवारी

भट्टी उघडली. इतका सुरेख तुकडा माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. बाहेरून शेंदरी, आतून तर जास्तच, कारण आत मी दोन हात दिले. वरच्या काठापाशी रंग किंचित काळवंडलाय, तिथे आच कमी पडली असावी, पण त्यानेही शोभाच आलीय.

हिच्या हातात दिला. म्हणाली, "हा माझा?" छत्तीस वर्षांच्या संसारात मी कारखान्यातून घरी आणले ते वाकडे कप आणि उडालेल्या कडांच्या बश्या. मुद्दाम हिच्यासाठी केलेली ही पहिली वस्तू. मी म्हटलं, "बाकीचे नवरे नुसतं म्हणतात की तुला सगळं जग आणून देईन. मी दिला." तेव्हा हसली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा.

२३ फेब्रुवारी

आठवा दिवस. गडी खूश आहे. हिने सकाळी उठून सगळे पडदे धुतले. मी एक घोट घेऊन पाहिला आणि बेसिनकडे पळालो. असला आंबट प्रकार आपल्याच्याने व्हायचा नाही. आपण चहावाले.

४ मार्च

हिच्या तोंडाला चव नाही. म्हणते, दिवसभर जिभेवर पत्रा ठेवल्यासारखं वाटतं. निचराबाईंना विचारून आली. त्या म्हणाल्या, उत्तम लक्षण आहे, आतले धातू बाहेर पडतायत. काहीही झालं तरी उत्तम लक्षण. उद्या ही जिन्यावरून पडली तर म्हणतील, आतला जिना बाहेर पडतोय.

१२ मार्च

पोटात कळा येतात. पाय पोटाशी घेऊन पडून राहते. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो निचराच चार दिवस तुंबलाय. मी हे बोलून दाखवलं तर हातातली टेप माझ्या अंगावर फेकली. ही असं करणारी बाई नव्हे. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाही लांब वाटत असेल तर हात ताणून घ्या." तीस वर्षं येणारं गिऱ्हाईक, तोंड पाडून गेलं.

रंगही उतरलाय तिचा. मी म्हटलं, बंद कर. म्हणाली, "माझी बहीण असंच म्हणायची, उद्यापासून बघू. तिला उद्या मिळाला नाही."

२१ मार्च

जग आतून मंद झालाय. खालपासून चार बोटांवर एक रेघ दिसते, रेघेच्या वर चकाकी, खाली नाही. जितका रस असतो बरोबर तितका भाग. मी हिला म्हटलं, "घासून घासून माझी झिलई घालवलीस." ती म्हणते, घासणी लावतच नाही, नुसतं पाण्याने विसळते. बायकांची विसळायची व्याख्या मला माहीत आहे. पण बोललो नाही. हल्ली तिला लगेच रडू येतं.

२ एप्रिल

आज हिची कात्री पडली. कापड कापताना हातातून सुटली आणि मशीनच्या पायापाशी गेली. मी उचलून दिली तेव्हा ती रागावली नाही, तिथेच मला धस्स झालं. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. बोटं मिटतात, पण मनगट वर उचलत नाही. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो, ओला फडका दोरीवर टाकल्यासारखा.

ती म्हणाली, "झोपेत अंगाखाली आला असेल." मी हो म्हटलं. दोघंही दुपारभर त्या हाताकडे बघत बसलो.

३ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, उपासाने रक्त आटलंय, मनगटाची शीर दुखावली असेल. लोहाच्या गोळ्या दिल्या. रस आणि भुकटी आजपासून बंद. "साधं जेवा, भरपूर लिंबूपाणी प्या, अंगात पाणी राहू दे." मी हिच्याकडे पाहिलं. जिंकल्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

५ एप्रिल

वर्ग चालू असताना हॉलमध्ये गेलो. वीसेक बाया सतरंजीवर डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, डोळे उघडा आणि माझ्या बायकोचा हात बघून या. निचराबाई उठून जवळ आल्या. वाटलं होतं तितक्या त्या भामट्या दिसत नाहीत. साधी कॉटनची साडी, कपाळाला घाम. म्हणाल्या, "काका, मी स्वतः हेच पिते. माझी मुलगी पिते. कुणालाच असं झालं नाही." मी म्हटलं, "खोटं बोलताना मुलीला तरी मध्ये आणू नका." चार बाया तिथल्या तिथे उठून गेल्या. जिना उतरताना मला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

१७ एप्रिल

रोज सकाळी मीच लिंबं पिळतो. मीठ, साखर, गार पाणी. हिला ते शेंदरी जगातूनच हवं असतं, त्यात गार राहतं म्हणते. मी आदल्या दिवशीच करून ठेवतो म्हणजे मुरतं. छत्तीस वर्षं तिने माझं केलं, आता माझी पाळी. पिताना मी तिच्या हाताखाली हात धरतो.

हात तसाच आहे. पण रस बंद झालाय, वेळ लागेलच.

६ मे

वेळ लागतोय कसला, आगीतून फुफाट्यात. पोटाच्या कळांनी ओरडते. काल मला विचारलं, "ताई आली का?" बहिणीबद्दल विचारत होती. मी म्हटलं, "येईल." दुसरं काय म्हणणार होतो? मग स्वतःच भानावर आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल करून रक्त तपासायला पाठवलं.

९ मे

रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, इतकं त्यांनी कधी कुणाच्या रक्तात पाहिलं नाही. मला विचारलं, कारखान्यात शिसं होतं का? होतं, पूर्वी, पण मी निवृत्त आहे, आणि ही तिथे कधी आली नाही. घरात जुना रंग? नाही. भांडी कसली? मी म्हटलं, सगळी स्टीलची.

हे म्हणताना शेंदरी डोळ्यांपुढून गेली. गेली, हे लिहायलाच हवं. पण मी मनात म्हटलं, काच ती काच. आणि मोठ्याने म्हटलं, "हिरवी भुकटी. त्या बाईची." तोंडातून निघाल्यावर ते इतकं बरोबर वाटलं की दुसरा विचार करायची गरज उरली नाही.

शिसं अंगातून काढायची औषधं असतात. हिला आजपासून तीच चालू झाली. शेवटी निचराच.

११ मे

आरोग्य खात्याचा माणूस आला, माझी तक्रार घेतली. भुकटी तपासायला नेली आणि हॉलला सील ठोकलं. निचराबाई मुलीला घेऊन भावाकडे गेल्या असं सायकलवाला म्हणाला. जाताना त्यांच्या अंगावर कोणीतरी रस ओतला म्हणे. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी म्हटलं, पण सायकलवाला हसला नाही.

हिला सांगितलं. तिने डाव्या हाताने माझा हात धरला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "ह्यांच्यामुळे मी वाचले. हे भांडले नसते तर मी पितच राहिले असते." लेक परगावाहून आली तिलाही हेच सांगितलं. लेक माझ्या गळ्यात पडून रडली.

१९ मे

औषधांचे दहा दिवस झाले, शिसं हवं तितकं उतरत नाही. एक दिवस उतरतं, पुन्हा चढतं. डॉक्टर म्हणाले, "भुकटी बंद होऊन दीड महिना झाला. कुठून तरी अजून आत जातंय. हे औषध चालू असताना आत जात राहिलं तर उलट वाईट." मी म्हटलं, घरी कसून शोधतो. खरंच शोधलं. पलंगाखालचा रंग खरवडून पाहिला. शिवणाच्या पेटीतली बटणं पुडीत बांधून दवाखान्यात नेली. दुसऱ्या हातात लिंबूपाण्याचा जग होता.

२० मे

रंगमास्तर हिला भेटायला आला. दुपारची भेटीची वेळ. ही झोपली होती. तो स्टुलावर बसला आणि त्याची नजर खिडकीत ठेवलेल्या जगावर गेली. उठला, लिंबूपाणी बेसिनमध्ये ओतलं, जग उजेडाकडे धरला आणि अंगठा आतून फिरवला, वरून खाली. रेघेपाशी अंगठा थांबला. रेघेखाली आता नुसती खरखरीत माती आहे.

"हिची झिलई कुठं गेली?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "घासून."

"घासून झिलई जात नाही. तुला माहीत आहे." मग पलंगाकडे बघितलं. "आंबट टाकत होतास यात?"

मी हिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"कच्ची राहिलीय रे ती. आच पुरली नाही. काच झालीच नाही धड, आणि तू त्यात लिंबू..." जग माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वहिनींना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, तू घाबरलास."

मी घाबरलोच आहे.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं, भांडं सापडलं. कोणतं, कुणी केलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. ते म्हणाले, "बरं झालं. आता उतरेल. पण हाडांत गेलंय ते वर्षानुवर्षं राहील. हाताचं काही सांगता येत नाही."

२१ मे

सकाळी जग पोत्यात गुंडाळून शेडमध्ये नेला. हातोडी घेतली. एक घाव, मग तुकडे कुठेही टाकता आले असते. रंगमास्तर कुणाला सांगणार नाही, चाळीस वर्षांची दोस्ती आहे. डॉक्टर पुन्हा विचारणार नाहीत. हिला म्हटलं असतं, पडला. ती हळहळली असती. नाही, ती म्हणाली असती, माझ्याच हातून पडला असेल, आणि माझी माफी मागितली असती. ते मला दिसलं आणि हातोडी खाली ठेवली. चांगुलपणा वगैरे नाही. तिने माझी माफी मागितलेली मला सोसवली नसती, इतकंच.

३० मे

ही घरी आली. शिसं उतरतंय. पोट बरं आहे, माणसं ओळखते, कालची बातमी आज आठवते. हात लोंबतोच आहे. कात्री तिने खणात ठेवली आणि मशीनवर चादर घातली. मी रोज सकाळी ठरवतो की आज सांगायचं. मग ती कुणाला तरी सांगते की ह्यांच्यामुळे वाचले.

भुकटीचा अहवालही आला. शुद्ध निघाली. पालेभाजी वाळवून कुटलेली, बस. खात्याचा माणूस म्हणाला, एक पुडी शुद्ध निघाली म्हणजे सगळ्या होत्या असं नाही, पेशंटचा जबाब मिळाला तर केस उभी राहील. जबाबाचा कोरा कागद ठेवून गेला.

३ जून

ही खुर्चीत बसली, उजवा हात मांडीवर उशी घेऊन ठेवला. म्हणाली, "मी सांगते, तुम्ही लिहा. सही डाव्या हाताने करीन." मी टेबलाशी बसलो.

ती सांगू लागली. फेब्रुवारीपासून मी या बाईंची भुकटी घेतली. तिच्यामुळे माझा हात गेला, माझं काम गेलं. माझ्या नवऱ्याने वेळीच ओळखलं म्हणून मी जिवंत आहे. मला लिहायला वेळ मिळावा म्हणून शब्द सुटे करून, सावकाश सांगत होती. मी लिहीत होतो. ती सांगत होती ते नाही. मी लिहिलं की जग मी केला. त्याला शिशाची झिलई मी लावली. लावू नकोस असं मला आधी सांगितलं होतं. भट्टीची आच पुरत नाही हेही मला माहीत होतं. रस बंद झाल्यावरही लिंबूपाणी मीच त्यात मुरवून दिलं, घरी आणि दवाखान्यात. बाईंचा यात काही दोष नाही, त्यांच्याबद्दल मी खोटं बोललो. जग सोबत देत आहे.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं." मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि कागद तिच्यापुढे धरला.

वाचताना तिचे ओठ हलतात. मध्यावर थांबले. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटी म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं होतं? लावायच्या आधी?"

"हो."

"तुम्ही मला का नाही बोललात तेव्हा?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

"आणि शिसं निघालं त्या दिवशी? तेव्हा आलं होतं मनात?"

हा प्रश्न मी कागदावर ठेवला नव्हता. तिने तो स्वतःच शोधला. मी म्हटलं, "आलं होतं. घालवलं." मग म्हटलं, "माझं चुकलं." हे शब्द मी या घरात आधी कधी उच्चारले असतील असं आठवत नाही. तिने ते ऐकले की नाही, तेही कळलं नाही.

पेन मागितलं. माझ्या सहीखाली डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरासारखी, अक्षरं एकमेकांवर चढलेली. म्हणाली, "आजच देऊन या. आणि त्या बाईंचा पत्ता काढा. त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, चिठ्ठी नको."

कागद आणि जग खात्यात देऊन चारच्या सुमाराला परत आलो. पत्ताही मिळाला, सायकलवाल्याकडे होता. उद्या जाईन. ही तिथेच बसली होती. मी म्हटलं, "चहा टाकतो."

"नको," ती म्हणाली. "माझा मी करून घेईन. यापुढे माझ्या तोंडात जायचं ते मीच करून घेईन."

उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. मी इथे बाहेर बसून हे लिहितोय. नळ सुरू झाला. मग भांडं पडल्याचा आवाज आला, थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा नळ. मी उठलो नाही. तिने बोलावलं नव्हतं.